चेंबरला लागणारी आच आणि उद्यमनगरातली हीट शील्ड

ज्यांच्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला ४-२-१ हेडर (मूळच्या भागाऐवजी बसवायचा एक्झॉस्टच्या पाइपांचा जुडगा) बसवलेला आहे आणि घाटात गाडी जरा ताणली की ऑइलच्या तापमानाचा काटा नको तिथं जातो, त्यांनी हेडरला आच अडवणारी पट्टी गुंडाळायच्या भानगडीत पडण्याआधी चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) आणि पाइप यांच्या मध्ये दुहेरी पत्र्याची हीट शील्ड करून घ्यावी. माझं मत एवढंच आहे आणि ते पक्कं आहे. मी ही शील्ड कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका पत्राकामाच्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. सामान, मजुरी, बसवून देणं सगळं धरून साडेपाच हजार रुपये झाले. उन्हाळाभर वापरली, पावसाळ्यात चिखलातून नेली आणि परवा ऑइल बदलताना खाली उतरवून नीट तपासली. मगच लिहायला बसलो.

आधी या गाडीत हा त्रास का होतो ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय शील्डचं मोल कळणार नाही. सिटीचं हे १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन आपल्याकडे २००० साली आलं, १०६ बीएचपीचं. त्यात एक्झॉस्टची तोंडं रेडिएटरच्या बाजूला आहेत. म्हणजे जळलेला वायू इंजिनच्या पुढच्या अंगानं खाली येतो, चेंबरच्या पोटाखालून वळतो आणि मागं जातो. कंपनीनं दिलेला मॅनिफोल्ड, म्हणजे हा वायू गोळा करणारा भाग, बिडाचा, जाडजूड, आणि त्याच्यावर ठोकून काढलेल्या पत्र्याचं झाकण. आपण हेडर बसवतो तेव्हा ते झाकण निघतं आणि बहुतेक वेळा गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतं, कारण नव्या पाइपांवर ते बसतच नाही. बिडाच्या जागी पातळ भिंतीचे चार पाइप येतात, त्यांचे दोन होतात, दोनांचा एक होतो, आणि हा सगळा जोडकामाचा पसारा नेमका चेंबरच्या पुढच्या भिंतीसमोर येऊन थांबतो. माझ्या गाडीत सगळ्यात अरुंद जागी करंगळी जेमतेम जात होती.

इंजिन दमात असताना त्या पाइपाचा पृष्ठभाग ६०० अंश सेल्सियसच्या आसपास सहज जातो. एवढ्या तापलेल्या लोखंडातून उष्णता शेजारच्या वस्तूकडे जाते ती मुख्यतः किरणांच्या रूपानं. वारा लागला तरी किरणं थांबत नाहीत. शिवाय ही किरणं तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतात. ४०० अंशांचा पाइप आणि ६०० अंशांचा पाइप यांच्यात आपल्याला दीडपटीचा फरक वाटतो, पण केल्विनमध्ये हिशोब केला तर ६०० अंशांचा पाइप जवळजवळ २.८ पट उष्णता फेकतो. म्हणून शहरात महिनोन्‌महिने काही जाणवत नाही आणि घाटाच्या एका चढात सगळं उघड होतं.

माझा नेहमीचा रस्ता कोल्हापूर ते गगनबावडा, आणि सवड असेल तर करूळ घाट उतरून वैभववाडी. गगनबावड्यापर्यंत रस्ता तसा सरळ, गाडीला वारा भरपूर. खरी परीक्षा परतीची. तळातून चढायला लागलं की दुसरा-तिसरा गिअर, इंजिनचे फेरे वर, गाडीचा वेग मात्र कमी. पुढून येणारा वारा तुटपुंजा आणि पाइप लाल व्हायच्या बेतात. मे महिन्यात एसी लावून हा घाट चढलात तर तुमच्या चेंबरची अवस्था काय आहे ते एका चढात समजेल.

माझ्या चेंबरची अवस्था अशी होती: पुढच्या भिंतीचा काळा रंग भाजून राखाडी झाला होता, आणि त्या बाजूचं पॅकिंग कडक होऊन कडेनं तेल पाझरत होतं. गळती म्हणावी इतकं नाही, पण बोट फिरवलं की ओलं लागायचं. मागच्या बाजूचं तेच पॅकिंग मात्र नव्यासारखं मऊ. एकाच रबराच्या दोन बाजूंची दोन वयं झाली होती. आच कुठून लागते ते सांगायला आणखी पुरावा नको.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण या बाबतीत बराच गैरसमज आहे. ऑइल तापतं ते मुख्यतः इंजिनच्या आतूनच. बेअरिंगमधलं घर्षण, पिस्टनच्या पोटाला लागून येणारं तेल, हीच मोठी कारणं. एक्झॉस्टची आच ही वरची भर. त्यामुळे शील्ड लावली की ऑइल कूलरची गरज संपली असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्याला कूलर लागतोच. शील्डचं काम वेगळं आहे: चेंबरची भिंत, पॅकिंग आणि जवळून जाणाऱ्या वायरी वाचवणं, आणि वरची भर काढून टाकणं.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली, सगळ्यांना माहीत असलेली गुंडाळायची पट्टी. डीईआय कंपनीची टायटॅनियम नावाची पट्टी बाजारात मिळते. ती लाव्हाच्या दगडाच्या भुकटीपासून काढलेल्या धाग्यांची आहे, आणि माल चांगला आहे याबद्दल वाद नाही. मित्राच्या टर्बोवाल्या गाडीच्या डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोतून खाली येणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपावर, ती आम्हीच बसवली. पाव इंच एकावर एक चढवत, ताणून, टोकांना स्टीलच्या पट्ट्या आवळून. साध्या काचेच्या धाग्याच्या पट्टीपेक्षा हाताला खाज कमी सुटते, गुंडाळण्याआधी पाणी मारायची गरज नाही, पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर थोडा वेळ धूर येतो आणि थांबतो. इंजिनच्या खणातली आच खरोखर उतरते. पट्टीनं पाइपाचा बाहेरचा पृष्ठभाग गार राहतो, आणि वर सांगितलेल्या चौथ्या घातामुळे तेवढ्यानंही किरणं पुष्कळ कमी होतात.

पण चेंबरच्या शेजारी ती लावायला माझं मन झालं नाही. पट्टी म्हणजे विणलेलं कापड, आणि कापड तेल पितं. चेंबरच्या खाली आणि आजूबाजूला तेलाचा थेंब कधीच पडणार नाही अशी जुनी गाडी मी तरी पाहिलेली नाही. ऑइल बदलताना सांडतं, फिल्टर काढताना ओघळतं, पॅकिंग पाझरतं. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो, साधारण २२० ते २३० अंशांच्या घरात असतो. तेलानं भिजलेली पट्टी त्याच्या दुप्पट तापलेल्या पाइपाला चिकटून बसली, तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. उघड्या पाइपावर पडलेला थेंब चरचरून धूर होऊन जातो. पट्टीत शिरलेलं तेल तिथंच साठून राहतं.

दुसरं कारण आपलं हवामान. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला माहीत आहे, तिथं चार महिने गाडीचं पोट कोरडं होत नाही. पट्टीत ओल धरून राहते, आणि साध्या लोखंडी हेडरला गंज आतून खातो. वरून पट्टी धडधाकट दिसते आणि खाली पाइपाची चाळण झालेली असते. त्यात पट्टीमुळे पाइपाचा धातू आधीपेक्षा जास्त तापतो, म्हणजे खपली लवकर धरते, वेल्डच्या कडेला तडे लवकर जातात. चांगल्या ३०४ स्टेनलेसचा हेडर असेल तर हा धोका कमी. माझा साधा लोखंडी आहे.

याच पट्टीच्या नावाखाली काय काय विकलं जातं तेही सांगायला हवं. ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त रोल मित्राकडे आला, वर टायटॅनियम असंच छापलेलं. आत साधं काचेच्या धाग्याचं कापड, वरून तपकिरी रंग दिलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात ठिसूळ होऊन तुकडे पडले. आणि अजूनही काही जुन्या गॅरेजात पांढरी अ‍ॅसबेस्टॉसची दोरी किंवा टेप पाइपाला गुंडाळून देतात. ती कृपा करून घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात ते कायमचे, आणि ती गुंडाळणारा पोरगा तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाही.

दुसरी वाट सिरॅमिक लेपाची. हेडर काढून, वाळूच्या माऱ्यानं स्वच्छ करून, आतून-बाहेरून लेप देऊन भट्टीत भाजायचा. दिसायला सुरेख, गंजाला उत्तम, तेल पीत नाही. इंग्लंडमध्ये झिरकोटेकसारखी कंपनी प्लाझ्माच्या फवाऱ्यानं झिरकोनियाचा जाड थर देते. ते तंत्र हारवेलच्या अणुसंशोधनातून आलेलं आहे आणि रेसिंगच्या गाड्यांत त्याचं नाव मोठं आहे. आपल्याकडे सहज मिळतो तो पातळ लेप. तो चांगला आहे, पण करंगळीएवढ्या अंतरावर चेंबर असेल तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहावं असं मला वाटत नाही. पुढेमागे हेडर बदलला तर नव्याला लेप देऊनच बसवीन.

तिसरी वाट शील्डची, आणि ती सुचवली वर्कशॉपच्या मामांनी. मी गाडी दाखवायला नेली तेव्हा पट्टीचाच विषय काढला होता. मामा जॅकखाली वाकले, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, “पाव्हणं, पायपाला वाकळ कशाला गुंडाळताय? मधी पत्रा उभा करा की.”

मामांचा हात काय आहे ते शील्ड पाहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यांनी आधी पुठ्ठा घेतला. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, कात्रीनं कापत, खाली घालून बघत, परत कापत. चेंबरच्या पुढच्या भिंतीला एक पायरी आहे, पाइप तिथं आत वळतो, आणि एसी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचं एक नाक बाहेर येतं. या तिन्ही गोष्टी सांभाळून पुठ्ठा बसेपर्यंत पत्र्याला हात लावला नाही. पुठ्ठा बसल्यावर त्यावर पेन्सिलनं बाण काढले: हवा कुठून येते, कुठून बाहेर पडते. त्यांच्या मते शील्ड चारी बाजूंनी बंद केली तर तिचा नुसता डबा होतो, आणि चेंबरला मिळणारा वाराही बंद होतो. त्यामुळे खालची कड मोकळी, मागची कड मोकळी, पुढची कड किंचित बाहेर झुकलेली. गाडी चालली की वारा पत्र्यांच्या दोन्ही अंगांनी सरकतो.

पत्रे दोन. पाइपाच्या बाजूला ०.५ मिमीचं ३०४ स्टेनलेस, चेंबरच्या बाजूला दाणेदार अ‍ॅल्युमिनियम. मध्ये ५ मिमीची नुसती पोकळी, छोट्या स्टीलच्या बुशांवर तोललेली. अ‍ॅल्युमिनियम पाइपाच्या बाजूला का नको, तर ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून लोंबायला लागतं. मी विचारलं, मध्ये सिरॅमिकचा कापूस भरायचा का. मामांनी मान हलवली. कापूसही तेल पितो. पोकळीतली हवा फुकट आहे आणि ती भिजत नाही.

बोल्टांच्या भोकांकडे माझं लक्ष त्यांनीच वेधलं. एका टोकाचं भोक गोल, दुसऱ्या टोकाचं लांबट. स्टेनलेस तापलं की वाढतं. ३०० मिमीचा पत्रा ३०० अंशांनी तापला तर साधारण दीड मिमी लांब होतो. दोन्ही टोकं आवळून टाकली तर तो दीड मिमी कुठंतरी जाणारच, म्हणजे पत्रा मध्ये फुगणार, पाइपाला टेकणार आणि खडखडणार. लांबट भोकात तो सरकतो. नटही नायलॉनचे नाहीत, कारण नायलॉन त्या आचेत टिकत नाही. सगळे पूर्ण धातूचे लॉकनट. पत्र्याला कडक करायला दोन नाळी पाडल्या आहेत, कडा दुमडून आत घेतल्या आहेत. हात फिरवला तर कुठं कापत नाही, आणि उद्यमनगरात हे सहसा मागून घ्यावं लागतं. मामांनी न मागता केलं.

शील्डला आधार दिलाय तो इंजिनलाच: एक टोक गिअरबॉक्सच्या बाजूच्या ब्रॅकेटवर, दुसरं कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटवर. बॉडीला बांधली असती तर इंजिन डुललं की ती आपटली असती, आणि या गाड्यांची माउंटिंग्ज आता तरुण राहिलेली नाहीत. चेंबरच्या कडेचे बारीक बोल्ट वापरायची सोय होती, ती मामांनी मुद्दाम टाळली. त्या बोल्टांवर पॅकिंगचा दाब ठरतो. त्यांच्यावर दुसरं वजन टांगलं की दाब असमान होतो आणि ज्या पाझरण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच परत सुरू होतं.

आता आकडे. माझं शिरोलीत छोटं मशिनिंगचं युनिट आहे. शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) आणि डिजिटल इंडिकेटर मागून आणला. एक टोक चेंबरच्या पुढच्या कडेला, पॅकिंगच्या अगदी खाली, आणि वायर डॅशबोर्डपर्यंत. ऑइलसाठी फिल्टर आणि इंजिन यांच्या मध्ये बसणाऱ्या सँडविच प्लेटवर बसवलेला गेज आधीपासून होता. शील्ड लावण्याआधी करूळ घाटाच्या माथ्यावर चेंबरची कड १६०च्या घरात होती आणि ऑइल १२६-१२७. शील्ड लावल्यावर त्याच चढाला, तशाच उन्हात, कड १२८-१३०च्या पुढे गेली नाही आणि ऑइल १२०-१२१वर थांबलं.

दुसरा आकडा बघून नाराज होणारे भेटतील. सहा अंशांसाठी साडेपाच हजार? माझं उत्तर पहिल्या आकड्यात आहे. गेजवर फरक थोडा दिसतो, कारण ऑइलची मुख्य उष्णता आतली. पण पॅकिंगच्या अंगावरचे तीस अंश गेले, आणि रबराचं आयुष्य त्या तीस अंशांवर ठरतं. नवं पॅकिंग टाकून शील्ड लावली, त्याला आता पावसाळा उलटला. परवा बोट फिरवलं, कोरडं होतं. माझ्यासाठी हिशोब तिथंच मिटला.

मोजायचं असेल तर एक सांगतो. तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड गन चकचकीत पत्र्यावर धरू नका. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतः फार कमी किरणं सोडतं आणि आजूबाजूचीच परत फेकतं, त्यामुळे गन खोटा, कमी आकडा दाखवते आणि आपण शील्ड किती थंड म्हणून खूश होतो. त्या जागी उष्णतेला टिकणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि गन त्यावर धरा, नाहीतर थर्मोकपल लावा.

चकचकीतपणाचाच मुद्दा पुढे नेतो, कारण शील्डची निम्मी कामगिरी त्यावर आहे आणि हे कुणी सांगत नाही. समोरासमोरचे सपाट पृष्ठभाग धरून मी कागदावर मांडून बघितलं. गंजका पाइप आणि काळा चेंबर यांच्यामध्ये काहीच नसताना जेवढी उष्णता जाते, ती १०० धरा. मध्ये दोन्ही बाजूंनी चकचकीत असा एकच पत्रा उभा केला तर ती ७वर येते. तोच पत्रा चिखल आणि तेलकट धुरानं मळका झाला की ३३वर जाते. पत्रा तोच, जागा तीच, फक्त मळला. प्रत्यक्ष गाडीत आकडे असे नेमके निघणार नाहीत, पण दिशा हीच. जुलैत घाटातली तांबडी माती शील्डच्या दोन्ही अंगांना घट्ट बसली होती आणि थर्मोकपलनं ते लगेच दाखवलं. कड परत १४०ला टेकत होती. गाडी रॅम्पवर घेऊन, इंजिन पूर्ण गार असताना, साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतली, आकडा खाली आला. तारेची घासणी लावू नका, चरे पडले की मळ जास्त धरतो. मामांच्या शील्डमध्ये पोकळीत प्रेशरचं पाणी मारायला खालून जागा आहे, ती वापरा. पण तापलेल्या हेडरवर पाणी पडू देऊ नका.

उणिवा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. गाडीची खालची उंची थोडी कमी झाली. शील्डची पुढची झुकलेली कड चेंबरच्या तळाच्या थोडी खाली येते, आणि कोल्हापुरातल्या गल्लीबोळांतले स्पीड ब्रेकर कुठल्या मापानं केलेत देव जाणे. मागं दोघं बसली असताना एकदा ती कड घासली. वाकली, पण तुटली नाही. मामांनी ती कापून आत दुमडून दिली, पैसे घेतले नाहीत. नवीन करून घेणाऱ्यानं सुरुवातीलाच ती कड आखूड मागावी.

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिली काही मिनिटं पत्रा ताणला जाताना टिक टिक असा आवाज येतो. मला त्याचं काही वाटत नाही. घरच्यांनी मात्र गाडीत काहीतरी सैल झालंय म्हणून विचारलं होतं. दोन्ही बाजू तापल्या की आवाज बंद होतो. तसाच आवाज गरम असतानाही येत राहिला तर मात्र नट तपासा.

ऑइल बदलायला वेळ जास्त लागतो. ड्रेन बोल्ट मोकळाच आहे, त्याची अडचण नाही, पण बाजूनं ओघळलेलं तेल पोकळीत जाऊ शकतं, म्हणून मी दर ऑइल बदलाला शील्ड उतरवतो. ज्या गॅरेजला घाई असते तिथं ती नीट परत बसेल याची खात्री नाही. लांबट भोकाचा बोल्ट हलक्या हातानं आवळून मग थोडा ढिला सोडायचा असतो. मेकॅनिकनं सवयीनं पान्यानं कचकचून आवळला की मामांची सगळी अक्कल वाया. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल तर उभं राहून करून घ्या.

आणि वेळ. मामा सांगतात त्या दिवशी काम मिळत नाही. गणपतीच्या आधी किंवा दिवाळीच्या तोंडावर गेलात तर मंडळांची आणि दुकानांची कामं पुढं असतात. फोनवर हो म्हणतील. जाऊन बघाल तर तुमचा पुठ्ठा भिंतीला टांगलेला असेल. ज्यांची दुसरी गाडी नाही त्यांनी हे धरून चालावं. कामात मात्र कसर नाही. शेजारच्या दुसऱ्या दुकानात हेच काम निम्म्या पैशात एका पत्र्यात करून देत होते, साध्या जीआय पत्र्यात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा पाइपाशेजारी नको. त्याच्यावरचं जस्त ४२० अंशांनाच वितळतं, थर जळायला लागला की धूर होतो आणि तो धूर नाकात जाणं बरं नाही. पैसे वाचवायचेच असतील तर एकच पत्रा घ्या, पण स्टेनलेसचा घ्या.

सुबारूसारख्या बॉक्सर इंजिनच्या गाड्यांत हा प्रश्न आणखी बिकट असतो, तिथं हेडर चेंबरच्या दोन्ही बाजूंनी वेढा घालून जातो. परदेशात असलेल्या ज्या आपल्या मंडळींकडे त्या गाड्या आहेत, त्यांनी पट्टीचा मोह होण्याआधी आपल्या गाडीचं मूळचं शील्ड जागेवर आहे का ते बघावं. हेडर बदलणारे ते पहिलं काढतात. टर्बोवाल्यांसाठी वेगळं सांगायचं तर टर्बाइनच्या घराला ब्लँकेट आणि डाउनपाइपला चांगली पट्टी या दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, फक्त तेलाची फीड आणि रिटर्न लाइन कोरडी आहे याची खात्री करून मगच. त्या लाइनच्या जोडाखाली पट्टीचं एक टोकसुद्धा येता कामा नये.

करून घेणार असाल तर आधी हेडर, फ्लेक्स (एक्झॉस्टचा लवचिक तुकडा) आणि पॅकिंगचं सगळं काम उरकून घ्या. शील्ड केल्यावर पाइप दोन सेंटिमीटर जरी हलवला तरी पुठ्ठ्यापासून सुरुवात करावी लागते. फाटलेली माउंटिंग्ज आधी बदला. मोजायचं असेल तर शील्डच्या आधीचे आकडे घेऊन ठेवा, नंतर ते मिळत नाहीत. गाडी आदल्या रात्री वर्कशॉपवर सोडा किंवा सकाळी जवळूनच न्या, कारण पुठ्ठ्याचं माप पाइपाला हात लावून घ्यायचं असतं आणि गरम गाडी आली की मामा चहा प्यायला निघून जातात.